तरंगता चुंबक, तरंगते खिळे: क्रिया-प्रतिक्रिया बलांचा प्रयोग वर्गात कसा करावा

फुग्यातली हवा सुटते, फुगा दोरीवरून सुसाट जातो, मुले खूश होतात आणि फळ्यावर न्यूटनचा तिसरा नियम लिहिला जातो. प्रयोग म्हणून फुगा चांगलाच आहे. पण नियमात तीन गोष्टी आहेत: बले विरुद्ध दिशांना असतात, ती सारखी असतात आणि ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. फुगा यातली पहिलीच दाखवतो. बाहेर पडणारी हवा डोळ्यांना दिसत नाही, तर तिच्यावरचे बल कुठून दिसणार? आणि नववीतली मुले अडतात ती नेमकी उरलेल्या दोन गोष्टींवर. ‘मोठा जास्त जोराने ओढतो’ आणि ‘बले सारखी असतील तर ती एकमेकांना खोडून टाकतील’ हे दोन समज परीक्षेत पूर्ण गुण मिळवलेल्या मुलांच्याही डोक्यात पक्के बसलेले असतात.

खाली दिलेला मुख्य प्रयोग खुद्द न्यूटनचा आहे. १६८७ साली गतीचे नियम छापले तेव्हा तिसऱ्या नियमाच्या समर्थनार्थ त्याने लिहिले, की चुंबक आणि लोखंड वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून शांत पाण्यावर शेजारी शेजारी तरंगत सोडले, तर कोणीही दुसऱ्याला रेटत नेत नाही. दोघे एकमेकांना टेकून स्थिर राहतात. एका तासिकेत हा प्रयोग आरामात होतो आणि वरचे तिन्ही मुद्दे मुलांना समोर दिसतात.

काय काय लागेल

प्लॅस्टिकचा टब, तोंड निदान ४५ सेंटीमीटर रुंद. त्यात ६ ते ८ सेंटीमीटर पाणी. टब प्लॅस्टिकचाच हवा. स्टीलच्या काही पराती चुंबकाला चिकटतात. तशा परातीत चुंबकाचा डबा तळाकडे ओढला जातो, कलंडतो किंवा एका जागी अडून बसतो. परातच वापरायची असेल तर आधी तळाला चुंबक लावून पाहा.

सपाट तळाचे दोन अगदी सारखे गोल प्लॅस्टिकचे डबे, तळाचा व्यास ९ ते १० सेंटीमीटर. श्रीखंडाचे रिकामे डबे चालतात. झाकणे नकोत.

शाळेच्या प्रयोगशाळेतला पट्टीचुंबक, साधारण ७.५ सेंटीमीटर लांबीचा. ताकदवान निओडिमियम चुंबक वापरू नका. तो खिळ्यांना इतक्या झटक्यात खेचतो की पाहायला काही उरतच नाही, आणि लहान निओडिमियम चुंबक मुलाने गिळला तर प्रकरण जिवावर बेतते.

तीन इंची लोखंडी खिळे १० ते १२, रबरबँडने घट्ट बांधून केलेली जुडी.

वजन सारखे करायला काचेच्या गोट्या. १६ मिलिमीटरची एक गोटी साधारण ५ ग्रॅम भरते. गोट्यांऐवजी नाणी घेण्याचा मोह होतो, तो टाळा. आपली एक आणि दोन रुपयांची नाणी पोलादाची असून चुंबकाला चिकटतात. चुंबकाच्या डब्यात ती टाकली तर फारसे बिघडत नाही, पण खिळ्यांच्या डब्यात टाकली तर लोखंडच वाढते आणि ‘या डब्यात फक्त खिळे आहेत’ हे म्हणणे खोटे ठरते.

शिवाय एक लाकडी मीटरपट्टी, स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा आणि शक्य असेल तर वरून चित्रीकरण करायला एक मोबाइल.

मांडणी

टब लोखंडी पायांच्या बाकावर ठेवू नका. शाळेतल्या बहुतेक बाकांना खाली लोखंडी अँगल असतो आणि चुंबक त्याला दाद देतो. लाकडी टेबल किंवा सरळ फरशी बरी. लोखंडी कपाटही हातभर लांब असू द्या. पंखा बंद करा. पाण्यावरच्या डब्याला पंख्याचा वारा पुरेसा असतो, आणि वाऱ्याने सरकलेला डबा पाहून मुलांनी चुंबकाला श्रेय दिले तर प्रयोगाचा उपयोग काय?

एका डब्यात चुंबक आडवा, मधोमध, टोके कडांच्या जवळ येतील असा ठेवा. दुसऱ्यात खिळ्यांची जुडी तशीच आडवी. दोन्ही डबे वजनकाट्यावर ठेवून पाहा आणि हलक्या डब्यात गोट्या टाकून वजने २ ग्रॅमच्या आत सारखी करा. चुंबक डिजिटल काट्यावर थेट ठेवला तर काट्याचे आकडे भरकटू शकतात. त्यामुळे काट्यावर आधी १० सेंटीमीटर उंचीचे खोके किंवा थर्माकोलचा ठोकळा ठेवून काटा शून्यावर आणा आणि मग त्यावर डबा ठेवा. गोट्या डब्यात लोळू नयेत म्हणून चिकटपट्टीने दोन्ही बाजूंना सारख्या बसवा. डबा एका अंगाला कलला की तो पाण्यातून तिरका सरकतो.

आता पाणी शांत होऊ द्या, निदान दोन मिनिटे. चुंबकाचा डबा टबाच्या मध्याजवळ अलगद सोडा. तो झुलत झुलत वळतो आणि चुंबक उत्तर-दक्षिण स्थिरावतो. इथे मुलांना क्षणभर थांबवण्यासारखे आहे: डबा वळला, पण उत्तरेकडे निघाला नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र चुंबकाच्या एका टोकाला उत्तरेकडे आणि दुसऱ्याला तितक्याच बलाने दक्षिणेकडे खेचते. खिळ्यांचा डबा नेहमी या रेषेवरच, म्हणजे चुंबकाच्या उत्तर किंवा दक्षिण टोकासमोर ठेवायचा. बाजूला ठेवला तर डबे आधी गिरक्या घेतात आणि मग जवळ येतात. अंतर मोजता येत नाही.

आधी चुंबकाशिवाय

ही पायरी गाळली जाते आणि तिथेच घोटाळा होतो. चुंबक आणि खिळे काढून दोन्ही डब्यांत तेवढ्याच वजनाच्या गोट्या किंवा वाळू भरा आणि डबे एकमेकांपासून ५ सेंटीमीटरवर सोडा. ते जागच्या जागी राहिले पाहिजेत. आता त्यांना १ सेंटीमीटरवर आणा. बऱ्याचदा ते आपोआप चिकटतात! हे पृष्ठताणाचे काम. डब्याच्या कडेशी पाणी किंचित वर चढलेले असते आणि असे दोन चढ जवळ आले की डबे एकमेकांकडे सरकतात. दुधात भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे वाटीत पुंजके होतात, तोच हा प्रकार. म्हणून निष्कर्ष काढायचा तो डबे ४–५ सेंटीमीटर अंतरावरून हलू लागतात त्यावरून, शेवटच्या सेंटीमीटरवरून नाही. याच कारणाने डबा टबाच्या काठालाही जाऊन चिकटतो. डबे काठापासून निदान ८ सेंटीमीटर आत ठेवा.

चार चाचण्या

पहिली चाचणी. चुंबकाचा डबा बोटाने धरून ठेवा, खिळ्यांचा सोडा. खिळे येऊन टेकतात. कोणालाच नवल वाटत नाही, कारण ‘चुंबक लोखंडाला ओढतो’ हे सगळ्यांना माहीत असते.

दुसरी चाचणी. आता खिळ्यांचा डबा धरा आणि चुंबकाचा सोडा. सोडण्याआधी हात वर करायला लावा: काय होईल? ‘काहीच नाही’ म्हणणारी मुले प्रत्येक वर्गात निघतात. चुंबकाचा डबा निघतो आणि खिळ्यांना येऊन टेकतो. खिळ्यांनी चुंबकाला ओढले. या प्रयोगात दोन चुंबक न घेता एक चुंबक आणि साधे खिळे घ्यायचे ते यासाठीच. दोन चुंबक घेतले तर ‘दोघेही ओढणारेच’ असे म्हणून मुले सुटतात. खिळे ‘निमूट ओढले जाणारे’ वाटतात, आणि तेही तितक्याच बलाने ओढतात हे पाहण्यात खरी गंमत आहे.

तिसरी चाचणी. दोन्ही डबे ५ सेंटीमीटर अंतरावर धरा आणि एकाच क्षणी सोडा. सोडताना बोट पुढे न सरकवता सरळ वर उचलायचे. मीटरपट्टी टबाच्या दोन काठांवर आडवी टाकून डब्यांच्या समोरच्या कडांची सुरुवातीची जागा नोंदवा आणि भेट कुठे झाली तेही नोंदवा. वाचन अगदी वरून डोळा ठेवून घ्यायचे. तिरके पाहिले तर अर्धा सेंटीमीटर सहज चुकतो. एका मुलाने फक्त चुंबकाच्या डब्याकडे, दुसऱ्याने फक्त खिळ्यांच्या डब्याकडे पाहावे, कारण एकच जण दोन्हीकडे पाहू लागला तर जो डबा आधी हललासा वाटतो त्याच्यावरच त्याची नजर खिळते. मोबाइल वरून धरून चित्रीकरण केले आणि सावकाश चालवून पाहिले, तर दोघे एकदमच निघतात हे स्पष्ट दिसते. वजने सारखी असतील तर भेट जवळपास मधोमध होते. पाच वेळा करा, दर वेळी डब्यांच्या बाजू बदला. भेटीची जागा दर वेळी टबाच्या एकाच बाजूला झुकत असेल तर वारा किंवा पाण्यातला प्रवाह आहे असे समजा. डब्यांबरोबर बाजू बदलत असेल तर वजने पुन्हा तपासा.

चौथी चाचणी म्हणजे न्यूटनचा मूळ मुद्दा. डबे टेकल्यावर काय होते ते पाहत राहा. जोडी थोडीशी डुलते आणि थांबते. आता मुलांना विचारा: चुंबक खिळ्यांना जास्त बलाने ओढत असता आणि खिळे चुंबकाला कमी बलाने, तर टेकल्यानंतर काय झाले असते? जास्तीचे बल उरले असते आणि कोणीही न ढकलता ही जोडी टबात एका दिशेने वेग घेत चालू लागली असती. तसे कधीच होत नाही. डबे सारख्या वजनाचे असोत वा नसोत, खिळे दहा असोत वा तीस, जोडी थांबतेच. बले सारखी असल्याचा यापेक्षा साधा पुरावा शाळेच्या साहित्यात मिळणे कठीण आहे, आणि त्याला पट्टी, घड्याळ, वजनकाटा काहीच लागत नाही.

वजन दुप्पट केले तर

चुंबकाच्या डब्यात गोट्या वाढवून त्याचे एकूण वजन खिळ्यांच्या डब्याच्या दुप्पट करा आणि तिसरी चाचणी पुन्हा घ्या. जड डबा कमी सरकतो, हलका जास्त. ‘म्हणजे हलक्यावर बल जास्त!’ असा आवाज वर्गातून येतोच. इथे दुसरा नियम हाताशी घ्यावा. बल तेवढेच, वस्तुमान दुप्पट, म्हणून त्वरण निम्मे.

अंतरांचे गुणोत्तर मात्र २:१ असे चोख येईल असे मुलांना आधीच सांगू नका. ते बहुधा त्याहून कमी येते. पाणी डब्यांना अडवते, आणि डबे जितके सावकाश सरकतील तितका पाण्याच्या विरोधाचा वाटा मोठा होऊन दोघांची अंतरे एकमेकांच्या जवळ येतात. जड डबा जास्त बुडलेला असल्याने त्याला विरोधही जरा जास्त होतो. सुरुवातीचे अंतर ३ सेंटीमीटरवर आणले तर हालचाल झटपट होते आणि गुणोत्तर सुधारते. आलेला आकडा आहे तसाच वहीत लिहू द्या आणि पाणी हेच कारण मुलांकडून काढून घ्या.

डबे हललेच नाहीत तर

बहुतेक वेळा चुंबक थकलेला असतो. प्रयोगशाळेतले चुंबक वर्षानुवर्षे पेटीत कसेही कोंबलेले असतात, पडून आपटलेले असतात. चुंबकाच्या एका टोकाने तीन-चार तीन इंची खिळे उचलले पाहिजेत. नाही उचलले तर जुन्या स्पीकरमधला काळा गोल चुंबक घ्या. तो डब्याच्या पुढच्या भिंतीला उभा चिकटवा आणि मागच्या भिंतीशी गोट्या लावून डबा समतोल करा. चुंबक चांगला असेल तर अंतर एकेक सेंटीमीटरने कमी करत जा. तरीही हालचाल नसेल तर डबा तळाला टेकलेला नाही ना ते पाहा. १५० ग्रॅमचा, १० सेंटीमीटर व्यासाचा डबा जवळजवळ २ सेंटीमीटर बुडतो, जड केला की आणखी.

आता आकड्यांत: दगड आणि पाणी

तरंगत्या डब्यांनी समानता पटते, पण काही मुलांना आकडा हवाच असतो. त्यासाठी डिजिटल वजनकाट्यावर एक लिटरचा रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा जग ठेवा, त्यात ६०० मिलिलिटर पाणी घाला आणि काटा शून्यावर आणा. साधारण ३०० ग्रॅमचा काळा दगड बारीक दोऱ्याने ५०० ग्रॅमच्या तानकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याला, टांगा. तानकाटा ३०० दाखवेल. दगड पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. सह्याद्रीचा काळा दगड पाण्याच्या पावणेतीन ते तीनपट जड असतो, त्यामुळे तानकाट्यावरचे वाचन १०० ते ११० ग्रॅमने उतरते. समजा ते १९५ झाले. त्याच क्षणी खालचा काटा शून्यावरून १०५ वर गेलेला दिसतो.

पाण्याने दगडाला १०५ ग्रॅमभाराइतक्या बलाने, म्हणजे सुमारे १.०३ न्यूटन, वर उचलले. दगडाने पाण्याला तेवढ्याच बलाने खाली दाबले. वरचा आकडा दगडावरचे बल सांगतो, खालचा पाण्यावरचे. दोन वस्तू, दोन काटे, एकच आकडा. दगड अर्धाच बुडवा, पाऊण बुडवा, उतार आणि चढ बरोबरीनेच होतात. तानकाट्याचे लघुतम माप १० ग्रॅम असेल तर ५ ग्रॅमचा फरक चालवून घ्या. त्याहून जास्त फरक पडला तर दगड टेकलेला असतो किंवा पाणी जगाबाहेर सांडलेले असते. घरगुती काटे एक-दोन मिनिटांत आपोआप बंद पडतात, तेव्हा वाचने भराभर घ्या.

तानकाटा नसेल तर बोट पुरते. बोटाची दोन पेरे पाण्यात बुडवली, जगाला स्पर्श केला नाही, तरी काटा ८–१० ग्रॅम चढतो. हे प्रत्येक मुलाला स्वतः करू द्या. बोटाला पाण्याचे इतके हलके बल जाणवतही नाही, पण काट्याला जाणवते.

दोन तानकाटे एकमेकांत अडकवून ओढण्याचा नेहमीचा प्रयोग करणार असाल तर एक काळजी घ्या. तानकाट्याचा शून्य उभ्या स्थितीत लावलेला असतो. आडवा धरला की त्याच्या हुकच्या स्वतःच्या वजनाची ओढ जाते आणि काटा शून्याच्या किंचित अलीकडे येतो. दोन्ही काटे आडवे धरून शून्य जुळवा आणि एका सरळ रेषेत ओढा, नाहीतर आतली दांडी कडेला घासते आणि वाचने जुळत नाहीत. एका टोकाचा काटा खिडकीच्या गजाला अडकवून पाहायला विसरू नका. गजही तेवढ्याच बलाने ओढतो हे वाचायला मिळाले की ‘भिंत नुसती उभी आहे’ हा समज ढळतो.

फळ्यावर काय लिहावे

प्रत्येक बल लिहिताना ‘कोणी, कोणावर’ एवढे दोन शब्द सक्तीचे करा. ‘चुंबकाने खिळ्यांवर’ आणि ‘खिळ्यांनी चुंबकावर’. नावे उलटवली की जोडी मिळते. मिळाली नाही तर ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही. या कसोटीने एक जुनी चूक लगेच पकडता येते. तरंगत्या डब्याचे वजन खाली आणि पाण्याचे प्लावक बल वर, दोन्ही सारखी आणि विरुद्ध. बरीच मुले हीच जोडी सांगतात. पण ‘पृथ्वीने डब्यावर’ आणि ‘पाण्याने डब्यावर’ ही दोन्ही बले एकाच डब्यावर आहेत, म्हणून ती एकमेकांना तोलतात आणि डबा तरंगतो. डब्याच्या वजनाची खरी जोडी ‘डब्याने पृथ्वीवर’ ही आहे.

‘प्रतिक्रिया’ हा शब्दही जरा जपून वापरायला हवा. बोलीत प्रतिक्रिया नेहमी नंतर येते. कोणी काही बोलतो, मग दुसरा प्रतिक्रिया देतो. त्यामुळे चुंबक आधी ओढतो आणि खिळे मग उत्तर देतात असे चित्र मुलांच्या मनात नकळत तयार होते. तिसऱ्या चाचणीचे चित्रीकरण इथे पुन्हा लावा. दोन्ही डबे एकदम निघतात. कोणते बल क्रिया म्हणायचे आणि कोणते प्रतिक्रिया, हे आपल्या सोयीवर आहे.

मग बैलगाडीचा प्रश्न घाला: बैल गाडीला ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, तर गाडी चालते कशी? ‘कोणी, कोणावर’ लावून मुलांनाच चारही बले लिहू द्या. गाडीवर: बैलाची ओढ पुढे, चाकांना होणारा विरोध मागे. बैलावर: गाडीची ओढ मागे, आणि खुरांनी जमीन मागे रेटली म्हणून जमिनीने बैलाला पुढे दिलेला रेटा. हा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त असेल तरच उभा असलेला बैल चालू लागतो. निसरड्या चिखलात खुरांना पकड मिळत नाही, जमीन मागे रेटताच येत नाही, आणि बैल कितीही ताकदीचा असला तरी गाडी तिथेच रुतून बसते.